देवानं खेळायला नेलेली होडी

सारसोळ्यात हिराआयच्या घरी राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी जी शोभा झाली, तिचा विषय त्या घरात अजून निघतो. लग्नात निघतो, बारशात निघतो, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत निघाला आणि सुतकातली माणसं तोंडाला पदर लावून हसली. झालं होतं एवढंच, की सकाळी मी मागच्या दाराला भांडी घासायला बसले तेव्हा समोर खाडी काठोकाठ भरलेली होती, आणि दुपारी धुणं वाळत घालायला गेले तर खाडी नव्हती. नजर जाईल तिथपर्यंत काळा चिखल, त्यावर तुरुतुरु पळणारे खेकडे, आणि पार मधोमध पाण्याची एक बारीक रेघ. मी पाथर्डीच्या पुढच्या गावची. आमच्याकडं विहीर आटली की आटली. गेलेलं पाणी परत येताना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? की आपला पायगुण. आपण आलो आणि इथलंही पाणी गेलं. मी तशीच ओला पिळा हातात घेऊन पुढच्या दाराला पळाले. हिराआय ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती.

"हिराआय, खाडी आटली!"

तिनं मान वर केली. "कवा गो?"

"आत्ताच. सकाळी होती. मी बघितली होती."

"अगो बाय माजे," ती म्हणाली आणि चेहरा अगदी गंभीर केला. "मंग आथां कसा कराचा? तुमच्या गावावरनं टँकर मागवाचा काय?" एवढं बोलून तिला हसू आवरेना. समोरच्या ओट्यावरची बाई हसायला लागली, तिच्या पलीकडची हसायला लागली, आणि पाच मिनिटांत आळीभर झालं की हिराआयच्या घरात भाड्यानं आलेल्या घाटिणीनं खाडी आटवली. संध्याकाळी मात्र हिराआयनं मला मनगटाला धरून मागच्या दारी नेलं. पाणी येत होतं. आवाज न करता, चोरपावलांनी, चिखलातल्या एकेका खळग्यात शिरत येत होतं. "बघ," ती म्हणाली, "आमचा पानी रुसून जात नाय. रोज दोनदा जातं, रोज दोनदा येतं. कशाला गो ररतंस?" मी म्हटलं, रडत नाही. पण रडतच होते. पुढचा आठवडाभर मी रोज संध्याकाळी मागच्या दारी जाऊन खात्री करून घ्यायची. आज पन्नाशी ओलांडली, नेरूळला सोसायटीत चोवीस तास नळाला पाणी आहे, तरी माझ्या मोरीत तीन बादल्या भरून ठेवलेल्या असतात. मुलगी म्हणते, "आई, कसलं टेन्शन घेतेस?" काय सांगणार तिला?

तिथं गेले ती अण्णाच्या जेवणासाठी. अण्णा माझा थोरला भाऊ, जासईला कंटेनरच्या यार्डात लागला होता, आणि खानावळीच्या जेवणानं त्याचं पोट बिघडलं होतं. माझी सातवी झाली होती. आठवीची शाळा चार मैलांवर होती आणि भावाची चूल दीडशे मैलांवर. घरच्यांनी चुलीकडं पाठवलं. मला वाईट वाटलं का, असं आता कोणी विचारतं. त्या वेळी कोणी विचारलं नाही, आणि मला भीती एवढी वाटत होती की वाईट वाटायला जागाच नव्हती. हिराआयच्या घराची मागची खोली आम्हाला मिळाली. मधल्या भिंतीला वर फट होती, त्यातून त्यांच्या घरातलं सगळं ऐकू यायचं: तांदळाची भाकरी थापल्याचा चपचप आवाज, हिराआयचं भांडण, सुकटीचा वास. वासाला आवाज नसतो हे मला कळतं, पण तो वास मला ऐकूच यायचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पहिले पंधरा दिवस मी नाकाला पदर लावून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि हिराआय रोज जेवताना फटीकडं तोंड करून ओरडायची, "घाटीण, आज कोलंबी हाय. देवानं तुजं नाक कापलं नाय, तूच बांदून ठेवलंस!" पण बाजारातून येताना माझ्यासाठी पालेभाजीची जुडी आणायची तीच. अण्णाला ताप आला तेव्हा उशाशी बसली तीच. त्या बाईचं मी किती देणं लागते, याचा हिशेब मी मांडत नाही. मांडला तर ती वरून शिव्या घालील.

घरात आणखी दोघं होती. हिराआयचा मुलगा धर्मा, ज्याला मी धर्मादादा म्हणायची, आणि त्याची सहा वर्षांची मुलगी बयो. धर्मादादाची बायको बाळंतपणासाठी जासईला माहेरी गेली होती. धर्मादादा उंच, काळाभोर आणि थट्टेखोर. त्याच्या डाव्या पायावर कधीतरी होडीचा नांगर पडला होता, तेव्हापासून त्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांशी अबोला धरल्यासारखा लांब फाकलेला होता. त्याची होडी घराण्यातली. त्याच्या वडिलांनी बांधून घेतलेली. ती होडी होती म्हणून ते घर होतं. बयोचं म्हणाल तर तिला दुसरं कोणी खेळायला नसे, म्हणून ती देवाशी खेळायची. म्हणजे अक्षरशः. पाच खडे घेऊन बसायची, एक डाव स्वतःचा टाकायची, एक देवाचा. देव पुष्कळदा जिंकायचा आणि मग बयो त्याच्याशी भांडायची.

नारळी पौर्णिमेला गावानं वाजतगाजत खाडीला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी मोठं उधाण होतं, त्यातच वारा सुटला, आणि धर्मादादाच्या होडीचा दोर तुटला. सकाळी बघतात तर होडी जागेवर नाही. खाडीत नाही, किनाऱ्याला नाही, तिवरांच्या झाडीत अडकलेली नाही. शेवटी ती सापडली ती पडीक मिठागरात. खाडीच्या कडेनं मातीचा बांध, त्या बांधाच्या आत जुनं मिठागर. ते चालवणारी माणसं जमिनी देऊन केव्हाच गेली होती. उधाणाच्या पाण्यानं होडी उचलून बांधावरून आत टाकली होती आणि पाणी माघारी गेलं होतं. खाडीपासून दोनशे पावलांवर, गुडघाभर चिखलात, ती एका कुशीवर निजल्यासारखी पडली होती. ज्या खाडीला परवा नारळ दिला तिनं आज हे करावं, म्हणून धर्मादादानं खाडीला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही.

आळीतल्या पुरुषांनी दोन दिवस ओढली. दोर बांधले, ओंडके घातले, "हेय्या हो" केलं. होडी चार हात सरकली आणि आणखी खोल रुतली. माणसं कमरेपर्यंत चिखलात गेली. कोणी म्हणालं क्रेन आणा. पण त्या चिखलावर क्रेन उभी कशी राहणार? तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. ज्याच्या त्याच्या होड्या होत्या आणि हंगाम सुरू झाला होता. आठवड्यानं उरणचा एक माणूस बघून गेला. म्हणाला, इंजिन काढून नेतो, लाकूड फोडून नेतो, पिठोरी अमावास्या झाली की टेम्पो घेऊन येतो. धर्मादादानं होकाराची मान हलवली. अण्णाला म्हणाला, "तुज्या यार्डात लावून दे मना. कायपन काम चालेल." अण्णा खूश झाला, त्याला वाटलं आपण उपकार करतोय. "महिन्याचा पगार, दर्याची कटकट नाही," तो म्हणाला. धर्मादादा हसला आणि म्हणाला, "आथां मी त्या मिठागरात पाय ठेवनार नाय. फोडायची ती मना न दाखवता फोडा." त्या दिवसापासून हिराआय भांडायची थांबली. फटीतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तेव्हा मला खरी भीती वाटली.

बयोचं मत निराळं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे काही बिघडलेलंच नव्हतं. "देवाला नारळ आवडला," तिनं मला समजावून सांगितलं, "मंग त्याला वाटलं, होरी पन बगू. म्हनून खेलायला नेली. खेलून झाली का देल परत." रोज ती मला ओढत मिठागराच्या बांधावर न्यायची. होडीकडं तोंड करून हात जोडायची आणि मोठ्यानं सांगायची, "देवा, होरी जड हाय, तुना उचलाची नाय. तू दर्याला हकडं पाठव." मग फ्रॉकच्या खिशातून एक ग्लुकोजचं बिस्किट काढायची, त्याचे दोन तुकडे करायची, एक खायची आणि दुसरा बांधावर ठेवायची, कारण खेळून भूक लागते. दुसऱ्या दिवशी तुकडा नसायचा. मी म्हणायची, खेकड्यानं नेला. ती माझ्याकडं असं बघायची जसं आपण अडाणी माणसाकडं बघतो.

मला देवावर विश्वास नव्हता असं नाही. पण माझा देव आमच्या तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबासारखा होता: असतो, पण आपल्या कागदापर्यंत त्याचा हात पोचत नाही. त्यामुळं बयोचं बोलणं ऐकून मला काळजीच वाटायची, की टेम्पो येईल तेव्हा या पोरीचं काय होईल? एक दिवस मी तिला म्हटलं, "बयो, दर्या असा बोलावल्यावर येत नसतो." ती म्हणाली, "रोज दोनदा येतं. हिराआयनं तुनाच सांगलंय ना?" मी चिखलातले खेकडे बघायला लागले आणि माझी नजर बांधाच्या फटीकडं गेली.

मिठागर चालू होतं तेव्हा भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात एक दार होतं. त्याला उघाडी म्हणत. फळ्या कुजून गेल्या होत्या, मातीनं ती बुजली होती. दोन हात पसरले की भरेल एवढी, वावभर रुंद खाच तेवढी उरली होती. आता मला एक गोष्ट येत होती, फक्त एक. आमच्या विहिरीला दिवसातून अर्धा तास पाणी असायचं आणि ते अर्ध्या तासाचं पाणी पाटानं कांद्याच्या वाफ्यात न्यायचं काम माझं होतं. दारं धरणं म्हणतात त्याला. खोऱ्यानं वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत घ्यायचं, भरला की चिखल मारून तोंड बंद करायचं, पुढच्या वाफ्याला जायचं. थेंब वाया घालवला की पाठीत धपाटा. मी त्या मिठागराकडं बघितलं आणि मला ते एकदम मोठा वाफा दिसायला लागलं. या लोकांना होडी पाण्याकडं न्यायची माहीत. पाणी होडीकडं न्यायचं, हे त्यांच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. त्यांचं पाणी कधी संपलंच नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी फटीतून चाचरत सांगितलं. भरतीला उघाडी फोडायची, पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत बुजवायची. एका भरतीत थोडंच येईल, पण ते जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी. अमावास्येचं उधाण येईपर्यंत वाफा भरला तर होडी आपोआप उठेल. पलीकडनं धर्मादादाचा आवाज आला.

"आये, आयकलंस? ज्यांच्या गावाला पानी टँकरनं येतं, ती आपल्याला भरती शिकवतंय."

"शिकव गो शिकव," हिराआय म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला होता. "खाडी आटवलीस तूच. आथां भरून दे."

"मी येनार नाय," धर्मादादा म्हणाला. "कांद्याचं काय ते कांद्याला सांगा."

एकादशीला आम्ही दोघी गेलो, मी शेजारून मागून आणलेलं खोरं घेऊन आणि बयो बिस्किट घेऊन. भरती नऊच्या सुमाराला होती. रोज पाऊण तास पुढं सरकते, हे आता मला हिराआयपेक्षा जास्त पाठ होतं, कारण मी घोकत होते. उघाडीतली माती फोडली तेव्हा खाडीचं पाणी आत शिरलं, आणि मला लाज वाटते सांगायला, पण मी ओरडले. पाटातलं पाणी शहाण्यासारखं चालतं. हे पाणी उड्या मारत आलं. तास दीड तास आम्ही बघत बसलो. खाडीचं पाणी चढायचं थांबलं, तशी मी गोणपाटात चिखल भरून खाच बुजवली, वर उभी राहून पायांनी तुडवली. बयोही तुडवत होती, तिच्या वजनानं एक मुंगी मेली नसती. मिठागराच्या तळाशी वीतभर पाणी झालं असेल, होडीच्या बुडाला जेमतेम लागत होतं. तिथंच बांधावर उभं राहून मी नवस केला. नवसाला माणसं काहीतरी सोडतात. माझ्याकडं सोडायला काहीच नव्हतं. शाळा सुटलेली, गाव सुटलेलं. म्हणून मी म्हटलं, "देवा, होडी निघाली तर मी मासा खाईन." एकादशीच्या दिवशी असा नवस बोलणारी महाराष्ट्रात मी पहिली असेन. माझ्या आईला हे आजही माहीत नाही, आणि ती आता वर देवापाशीच आहे, तेव्हा कळलं असेल तर माझं काही खरं नाही.

द्वादशीला पाणी वाढलं. त्रयोदशीला होडीचा खालचा अर्धा भाग पाण्यात होता. आळीतल्या बायका येताजाता विचारायच्या, "घाटीण, कांदे लावलेस काय गो?" पोरं बांधावर येऊन बसायला लागली. धर्मादादा घरी खाडीकडं पाठ करून जाळं विणत बसायचा. रोज संध्याकाळी एकदाच विचारायचा, तेही बयोला: "तुज्या देवाची आंघोळ झाली काय?" बयो म्हणायची, "पोटापरत झाली." मग तो पुढं विचारायचा नाही, पण त्याचं जाळ्याचं बोट चुकायचं.

चतुर्दशीला सगळं बिघडलं. जासईहून रात्रीच निरोप आला की धर्मादादाच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा जीव घाबरा होतोय, बयोला बघायचं म्हणते. हिराआय पहाटे बाजाराला गेली, जाताना तिनं डबा भरून माझ्या हाती दिला, "तू जा गो पोरीला घेऊन, लगीच ये." भरती सव्वाअकराला. मी हिशेब केला: सकाळी उघाडीची फक्त वरची माती आतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत काढून ठेवायची, म्हणजे भरती चढली की पाणी आपणच आत येईल, एसटीनं जायचं, भेटवायचं, साडेअकराच्या आत परत यायचं, बुजवायची. निघताना बयोनं बांधावर बिस्किटाचा तुकडा ठेवला आणि देवाला म्हणाली, "आज तुना एकट्यालाच बगाचं हाय." वहिनी बरी होती, नुसती लेकीसाठी कासावीस झाली होती. पण येताना गाडी वाटेतच बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनात डोकं घालून बसला. साडेअकरा झाले, बारा झाले, एक वाजला. माझ्या डोळ्यांसमोर ते उघडं दार होतं, त्याची उरलेली माती धुपत होती आणि त्यातून तीन दिवसांचं पाणी खाडीत पळत होतं. मी पदराचं टोक चावून चावून भिजवलं. बयो माझ्या मांडीवर झोपली होती. जागी झाली तेव्हा मी तिला खरं सांगितलं, की दार उघडं राहिलं, पाणी गेलं असणार. ती जांभई देत म्हणाली, "देव हाय ना तिथं." एवढ्या छोट्या पोरीचा मला त्या दिवशी जो राग आला, तसा पुन्हा कोणाचा आला नाही.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. खाडी पार आटलेली होती. म्हणजे ओहोटी होती. मी अजूनही पटकन आटली असंच म्हणते. आणि आत, मिठागरात, पाणी काठोकाठ होतं. उघाडी बुजवलेली होती. माझ्यासारखी गोणपाटाची ठिगळं लावून नव्हे; तिवराच्या काठ्या रोवून, मध्ये चिखल ठोकून, वर दगड. पक्कं काम. बिस्किट नव्हतं. ओल्या बांधावर पावलं उमटली होती, येताना खोल, जाताना खोल. मोठी पावलं. डाव्या पावलाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब फाकलेला.

बयो खाली बसली. बोटानं तिनं त्या अंगठ्याची कड गिरवली. मग माझ्याकडं बघून तिचा चेहरा असा उजळला, की मी तो आजही डोळे मिटून बघू शकते.

"मावशी! देवाचं पाय आमच्या बाबासारकं हायत!"

मी म्हटलं, "हो गं." दुसरं काय म्हणणार? घरी गेलो तर धर्मादादा पाठ करून जाळं विणत होता. पोटऱ्यांपर्यंत धुतलेला, केस विंचरलेले. "झाली काय आंघोळ देवाची?" त्यानं विचारलं. "गल्यापरत," बयो म्हणाली, "आन् बाबा, देवाचा अंगठा पन तुज्यासारका हाय." धर्मादादाला जोराचा खोकला आला. हिराआय विळीवर बसली होती; तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि दोघींनीही खाली बघितलं.

अमावास्येला पिठोरीची पूजा झाली, आणखी एक भरती आत घेतली. गावाकडं त्या दिवशी पोळा असतो, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात. मला त्याची आठवण रात्री आली. दिवसा सवडच झाली नाही. प्रतिपदेला सकाळीच उरणचा माणूस टेम्पो घेऊन हजर. मिठागरात होडी छातीभर पाण्यात, पण हललेली नाही. चिखलानं तिला बुडाशी धरून ठेवलं होतं. धर्मादादा आला, बांधावर थांबला, आणि पाण्यात उतरला. त्याच्यामागून आळीतले दहाबारा जण उतरले. ढकललं. नाही. डावीउजवीकडं हेलकावलं. नाही. साडेबारा वाजले, खाडीही बांधाच्या वरच्या अंगाला आली. आता तासाभरात ओहोटी. उरणच्या माणसालाही राहवेना, त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतःचं नुकसान करायला तोही ढकलू लागला. धर्मादादानं कपाळावरचं पाणी पुसलं आणि म्हणाला, "राहू द्या. लय झालं."

बयो बांधावर उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवले आणि वर आभाळाकडं नव्हे, सरळ होडीकडं बघून, चांगल्या कडक आवाजात ओरडली, "झालं ना खेलून? दे आथां! माजा बाबा दमला!"

आता यानंतर जे झालं त्याची कारणं मला पुष्कळांनी सांगितली आहेत. कोणी म्हणतं, लेकीचा आवाज ऐकून धर्मादादानं पुन्हा खांदा लावला आणि बाकीच्यांनी सगळा जोर एका कुशीला दिला. कोणी म्हणतं, हेलकाव्यांनी चिखल सुटतच आला होता. असेल. मला आठवतो तो आवाज. बाटलीचं बूच निघावं तसा, पण विहिरीएवढ्या बाटलीचं. होडी एका अंगावर कलली, सावरली, आणि पाण्यावर डुलायला लागली. अगदी जागं झालेल्या माणसासारखी, इकडंतिकडं बघत. सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिले. गेलेलं परत येतं, हे हिराआयनं मला सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि पाहिलेलं निराळं.

मग होडी ढकलत बांधापाशी आणली. पुरुषांनी फावडी उचलली तसा धर्मादादा म्हणाला, "थांबा. घाटीण, ये गो. तुजा वाफा हाय, तूच फोड." पहिलं खोरं मी मारलं. त्यानंतर दहा जणांनी मिळून बांध खणला, आणि दोन्हीकडचं पाणी एक झालं तशी होडी निघाली. हिराआयनं काठावरून नारळ फेकला आणि खाडीला बजावलं, "हा घे. आन् परत हात लावलास तं बघ." तिचं भांडण सुरू झालेलं ऐकून माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी पहिली मासळी आली. मी पाटावर बसले, समोर तांदळाची भाकरी आणि कुरकुरीत तळलेला बोंबील. आख्खी आळी दारात. मी डोळे मिटले, देवाला म्हटलं, शब्दाला जागते आहे, आणि पहिला घास घेतला. काटा कसा काढायचा हे कोणी शिकवलंच नव्हतं. पण बोंबलाचा काटा इतका मऊ, की तो न सांगता पोटात गेला. "कसा लागला?" हिराआयनं विचारलं. मी म्हटलं, "आणखी एक द्या." दारातल्या बायका ज्या हसायला लागल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत.

मिठागर आता नाही. तिथून रुंद रस्ता गेला आहे, रस्त्याच्या पलीकडं उंच इमारती आहेत, त्यांतल्या लोकांना गच्चीतून खाडी दिसते, हे त्यांनी जास्तीचं देऊन घेतलेलं आहे. हिराआयही नाही. अण्णा गावी परतला; मी इथंच लग्न होऊन राहिले. बयो बँकेत आहे, तिची पोरगी सहा वर्षांची झाली. मागच्या नारळी पौर्णिमेला मी सारसोळ्यात त्यांच्या घरी गेले होते. ओट्यावर चहा चालला होता आणि बयो लेकीला होडीची गोष्ट सांगत होती. मला वाटलं होतं, बँकेत काम करणारी मुलगी, आता निराळी सांगेल. तिनं तशीच सांगितली. "आणि मग आम्ही जासईला गेलो, आणि दार उघडं राहिलं, आणि आमच्या मागं देव आला. चिखलात उतरला, दार बंद केलं. मी ठेवलेलं बिस्किटही खाल्लं त्यानं."

आतल्या खोलीत धर्मादादा पलंगावर पडला होता. सत्तरी पार केलेला, कानाला कमी ऐकू येतं असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आतून त्याचा आवाज आला, जरा चिडकाच.

"अर्दाच तुकडा होता. तोपन नरम. मुंग्या लागलेल्या."

बयोनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग तिनं चहाबरोबरच्या बिस्किटांचा पुडा फोडला, त्यातलं एक काढलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली, "आजोबांना देऊन ये. आख्खं दे."